वाडग्याशेजारची बरणी

मी बरणी. काचेची, किंचित हिरवट झाक असलेली, चार लिटरांहून जरा कमी मावणारी. आत्ता माझ्यात काठोकाठ गार प्यायचा गोड चहा आहे. भरलेली असले की मला बोलवत नाही, छातीवर दडपण येतं. पण आज बोलून टाकते, कारण आज चार जुलै आहे, आमच्याकडचा स्वातंत्र्यदिन, आणि या एका दिवशी माझा जो जळफळाट होतो तो उरलेल्या वर्षभरात मिळून होत नाही.

जळफळाट हा शब्द मी विचार करून वापरतेय. 'जरा वाईट वाटतं' असं म्हणून बघितलं, पण ते खोटं आहे. आणि काचेच्या वस्तूने लपवून लपवून काय लपवायचं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. फार गरम होतं एवढंच आठवतं, आणि तेव्हापासून गरम वस्तूची मी जी धास्ती घेतली ती आजतागायत. समज आली ती किंग्सट्री गावातल्या हेवर्डच्या दुकानात. तिथे मी गल्ल्याशेजारी काकडीच्या लोणच्याने भरून उभी असे. कापसाच्या शेतावरून परतणारे गडी, शाळा सुटलेल्या मुली, चर्चमधून बाहेर पडलेल्या बायका, दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी माझ्यावर पडायची. हेवर्ड लाकडी चिमट्याने एक काकडी काढून कागदात गुंडाळून देई, आणि घेणारा तिथेच उभ्याउभ्या तिचा कचकन तुकडा तोडी. तेव्हा मला मत्सर म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. जिच्याकडे सगळे बघतात तिला तो कुठून माहीत असणार.

दुकान बंद पडलं तेव्हा वर्लीन गॅड्सडनने मला मागून नेलं. नवी नवरी होती ती, आणि तिला चहासाठी मोठं भांडं हवं होतं. लोणच्याचा वास जावा म्हणून तिने मला खायचा सोडा घालून तीन दिवस उन्हात उभं केलं. चौथ्या दिवशी माझ्यात पहिला चहा ओतला. तिचा नवरा अल्टन, जो आता नाही, एक घोट घेऊन म्हणाला, "चहा उत्तम झालाय. फक्त त्याला अजून काकडीची आठवण येतेय." वर्लीनने मला आणखी दोन दिवस उन्हात ठेवलं.

तिचा चहा करण्याचा एक ठरलेला प्रकार आहे. पातेल्यात बारा पुड्या, चिमूटभर सोडा, आणि चहा उकळता असतानाच दोन वाट्या साखर. गार चहात साखर घालणाऱ्या माणसाशी ती बोलत नाही. मग माझ्यात एक मोठा चमचा उभा करायचा, म्हणजे काच तडकत नाही म्हणे, आणि कोमट झालेला चहा त्याच्यावरून ओतायचा. दरवर्षी मी आज तडकणार असं धरून चालते आणि दरवर्षी तडकत नाही. काळजीचा काही उपयोग होत नाही हे मला कळतं. तरी ती करायची मी थांबलेले नाही. न करता तडकले तर काय घ्या.

आणि माझ्या शेजारी, त्याच फळीवर, पिवळा वाडगा असे.

चिनी मातीचा, पोटाला दोन पांढरे पट्टे. वर्लीनच्या आईचा. वर्षातून तीन-चारदाच उतरे, पण उतरला की असा उतरे की जणू वरातच निघाली. त्यात बटाट्याचं सॅलड होतं. उकडलेले बटाटे, उकडलेली अंडी, सेलरी, कांदा, गोड काकडी बारीक चिरून, मेयॉनीज, पिवळी मोहरी, वरून लाल पूड. झालं. सामान एवढंच. पण मान विचाराल तर विचारू नका.

तसं चार जुलैला अंगणात माझा जीव जाळायला पुष्कळ गोष्टी असतात. वर्लीनचा भाऊ, ज्याला सगळी पोरं थॅडमामा म्हणतात, पहाटेपासून कापलेल्या पिंपाच्या शेगडीवर डुकराच्या बरगड्या भाजत असतो, आणि येणारा प्रत्येक जण आधी तिकडे जाऊन वास घेतो, जसं काही दर्शन. कणसं असतात, तीन प्रकारच्या चीजमध्ये बुडालेली मॅकरोनी असते. कलिंगड कापलं की पोरं धावतात. पोरांसाठी लाल सरबत असतं, ज्यात रंग नि साखर सोडून काही नाही, आणि तरी ते पिऊन पोरं लाल जिभा काढून एकमेकांना दाखवतात. माझा चहा पिऊन कोणी कधी जीभ दाखवली नाही.

पण हे सगळं मी सोसलं असतं. वाडग्याचं तेवढं सोसत नाही.

कारण असं आहे की आमच्याकडे चार जुलैला कोणीही काहीही घेऊन यावं, त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. बटाट्याच्या सॅलडचं तसं नाही. त्याच्यापुढे माणसं थांबतात. हातात कागदी ताटली, दुसऱ्या हातात डाव उचललेला, आणि मग मान वळवून विचारायचं, 'हे कोणी केलंय?' उत्तर पटलं तर डाव आत जातो. नाही पटलं तर 'आता पोटात जागा नाही' म्हणून पुढे सरकायचं, आणि चार पावलांवर त्याच पोटात सहा बरगड्या घालायच्या. ज्याचं सॅलड लोक विचारून खातात तो घरचा. चाळीस वर्षं त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं. वर्लीनने. ते ऐकलं की लोकांचे खांदे सैल व्हायचे.

चहाही वर्लीनच करते. त्याच सकाळी, त्याच हातांनी. पण माझ्यासाठी एकानेही कधी मान वळवली नाही. मी असते टेबलाच्या टोकाला, कागदी पेल्यांच्या चळतीशेजारी, जिथे माश्या जास्त. घशात घास अडकला की माझी आठवण येते. 'चहा कुठाय?' चहा जिथे चाळीस वर्षं आहे तिथेच आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते.

त्या वर्षी ईस्टरला चर्चच्या पायरीवरून घसरून वर्लीनचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हातात जोर आला नाही. वेणीच्या पिना लावतानाही तोंडाने हं हं करायची. जून उजाडला तशी तिची मुलगी रॉझलिन रोज फोन करून विचारू लागली, सॅलड मी करू का. रॉझलिन चाळिशीला टेकलेली, चर्चमध्ये सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गाणारी, आणि वीस वर्षं या संधीची वाट बघत असलेली. वर्लीन दर वेळी सांगायची, हात बरा आहे माझा, तू मॅकरोनी आण.

आणि मग एका दुपारी तिने नायलाला बोलावून घेतलं.

नायला म्हणजे वर्लीनच्या धाकट्या मुलाची, डोरियनची बायको. उत्तरेकडची, टोलीडोची. शाळेत विज्ञान शिकवते, आणि सासूला इकडच्या रीतीने मिस वर्लीन म्हणते. पाच महिन्यांची लेक झुरी तिच्या खांद्यावर, आणि डोळ्यांखाली इतकी काळी वर्तुळं की मला वाटलं, ही उभ्याउभ्या झोपते की काय. लग्नानंतरच्या पहिल्या चार जुलैला तिने हिरव्या पानांचं नि कसल्याशा दाण्यांचं काहीतरी करून आणलं होतं. सगळे म्हणाले, किती छान दिसतंय. सगळे पुढे सरकले. संध्याकाळी ते भांडं जसं आलं तसं, वरचा चांदीचा कागदही न चुरगळता, परत गेलं. मी टेबलाच्या टोकाला होते, मी तिचा चेहरा बघितला. ती कागदाचे कोपरे पुन्हा पुन्हा दाबत होती, जसं काही तेच करायला ती आली होती.

तर वर्लीनने तिला सांगितलं, यंदा सॅलड तू करायचंस. कोणाला बोलू नकोस. लोक विचारतील तेव्हा मी स्वतः तुझं नाव सांगेन.

नायला म्हणाली, "मी?" आणि मग झुरीची पाठ थोपटायला लागली. झुरी रडत नव्हती.

मला काय वाटलं ते सांगते, चांगलं नाही वाटलं. चाळीस वर्षं मी या घरात, आणि परवा आलेल्या मुलीला थेट वाडगा. मी मनात म्हटलं, होऊ दे पाणचट. होऊ दे खारट. एकदा तरी त्या पिवळ्या वाडग्यापुढून लोकांना पोटात जागा नाही म्हणत जाऊ दे.

चार तारखेला नायला सकाळी सातला आली. झुरीला तिने टेबलाखाली झुल्याच्या खुर्चीत बसवलं. पंधरा पाउंड बटाटे. वर्लीन खुर्चीत बसून सांगत होती, ही करत होती. असं सोल, असं काप, आता पूर्ण गार होऊ दे, तोवर हात लावायचा नाही. मग वर्लीन केस करायला आत गेली. तिला केसांना तास लागतो.

ती गेल्यावर नायलाने दाराकडे बघितलं, फ्रिज उघडला, काकडीच्या लोणच्याची बाटली काढली आणि तिच्यातलं आंबट पाणी वाफाळत्या बटाट्यांवर चार-पाच चमचे शिंपडलं. मी खिडकीत चहा भरून उभी होते. तो वास माझ्या नाकात गेला आणि मी हेवर्डच्या दुकानात जाऊन आले. "माझी आजी असं करायची," ती टेबलाखाली वाकून झुरीला म्हणाली. "गरम बटाटा पितो म्हणे. आता हे चुकलं, आणि तुझ्या आईला या लोकांनी हाकललं, तर तू इकडे राहशील की माझ्याबरोबर येशील? नीट विचार कर. इकडे बरगड्या आहेत."

झुरीने पायाचा अंगठा तोंडात घातला.

मी मोजलं, नायलाने ते सॅलड नऊ वेळा चाखलं. दर वेळी तोच चेहरा, दिवा बंद केला की नाही हे आठवताना माणसाचा होतो तसा. मग तिला उन्हाची काळजी लागली. अंडी आहेत, मेयॉनीज आहे, बाहेर पस्तीस अंश, दोन तासांत काय काय वाढतं हे तिने मुलांना शिकवलेलं. अर्धं सॅलड पातेल्यात भरून तिने फ्रिजमध्ये ठेवलं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी एक पत्र्याचा टब आणला. डोरियनने बर्फाच्या दोन पिशव्या आणल्या होत्या. एक थॅडमामाच्या बाटल्यांसाठी. दुसरी माझी, चहाची. तिने माझी पिशवी फोडून टबात ओतली आणि त्यात वाडगा बसवला.

माझा बर्फ. वाडग्याच्या बुडाखाली.

मी कोमटच बाहेर गेले.

दुपारी पेकनच्या झाडाखाली टेबलं लागली, पोर्चवर झेंडा लागला. पोरं टेबलांखालून पळत होती, आणि थॅडमामा बरगड्यांची पहिली परात घेऊन आला. त्याने ती ठेवली, हात पुसले, डाव उचलला आणि थांबला.

"वर्लीन, वाडग्याला ताप आलाय का?"

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, चाळीस वर्षं उन्हात ठेवून खाल्लंय, कोण मेलं. थॅडमामा म्हणाला, बेनकाका मेला, पण तो सॅलडच्या आधीपासूनच आजारी होता. आणि मग, हसू ओसरल्यावर, त्याने डाव तसाच धरून मान वळवली. बर्फाने त्याला शंका आली होती. वर्लीनने कधी कशाखाली बर्फ ठेवला नव्हता.

"हे कोणी केलंय?"

नायला दोन पावलांवर उभी होती, झुरी खांद्यावर. तिने चेहरा तयार करून ठेवला होता. आपलं नाव ऐकल्यावर जसा ठेवायचा असतो तसा, जरा लाजलेला, पण फार नाही.

वर्लीन म्हणाली, "मी केलंय. अजून कोण करणार?"

"आणि बर्फ?"

"बर्फ सुनेचा. सॅलड माझं."

सगळे खदाखदा हसले, डाव आत गेला. नायलाही हसली, थोडी उशिरा.

मला आनंद झाला. आता कशाला नाकारू. मी मनात म्हटलं, आता कळलं ना कसं वाटतं. केलेलं सगळं आपण, आणि मान वळते दुसरीकडे. नाहीतरी माझा बर्फ तिनेच घेतला होता.

मग लोकांनी खायला सुरुवात केली, आणि वाडग्याभोवतीचा तो आवाज सुरू झाला, तोंड भरलेलं असताना निघणारा, ज्याला शब्द नसतात. थॅडमामाने परत घेतलं. रॉझलिनने दोनदा घेतलं, आणि दुसऱ्यांदा ती घास घोळवत थांबली. "आई, यंदा काय घातलंस? आतपर्यंत लागतंय. इतक्या वर्षांत असं नव्हतं झालं."

वर्लीन म्हणाली, नेहमीचंच. तिने स्वतः एक घास घेतला आणि फार वेळ चावला. डाव्या हाताने तिने उजवं मनगट घट्ट धरलं होतं. मी टेबलाच्या टोकाला, मला नीट दिसत होतं. तो चेहरा मी ओळखला. चाळीस वर्षं स्वतःच्या काचेत तोच बघत आलेय.

मला वाटायचं, ज्याची वाहवा होते त्याला हा आजार होत नसेल.

चहा संपला, कोमट असूनही. नायलाने मला उचलून आत नेलं. उरलेला चहा पातेल्यात होता, तिने तो माझ्यात ओतायला घेतला आणि अर्ध्यात थांबली, कारण झुरी भुकेने रडायला लागली. मला मोरीच्या कडेला तशीच ठेवून ती खुर्चीत बसली, झुरीला पदराखाली घ्यावं तसं खांद्यावरच्या फडक्याखाली घेतलं, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

जाळीचं दार उघडून वर्लीन आत आली.

"तू काही बोलली नाहीस," ती म्हणाली.

"काय बोलणार होते?"

"की म्हातारी खोटं बोलतेय."

"मग कोणी खाल्लं नसतं."

वर्लीन समोरच्या खुर्चीत बसली. ताटल्या रिकाम्या झाल्या की तुझं नाव सांगायचं असं मी ठरवलं होतं, ती म्हणाली, देवाशपथ. आधी लोकांच्या पोटात जाऊ दे, मग सांगू, म्हणजे परत द्यायला काही उरणार नाही. "पण मग रॉझलिन म्हणाली, आतपर्यंत लागतंय. आणि माझं तोंड उघडेना."

"लोणच्याचं पाणी घातलं होतं," नायला म्हणाली. "बटाटे गरम असतानाच. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं."

नळ ठिबकत होता. बाहेर कोणीतरी पोरांना ओरडत होतं, टबातला बर्फ खाऊ नका.

"खरं सांगू तुला?" वर्लीन म्हणाली. ती नायलाकडे बघत नव्हती, झुरीच्या फडक्याबाहेर आलेल्या पायाकडे बघत होती. "रॉझलिनला का नाही दिलं मी? तिला जमलं असतं म्हणून. तुला जमणार नाही असं वाटलं, म्हणून तुला दिलं. म्हटलं, एक वर्ष लोकांच्या तोंडाला नीट लागू नये. मग पुढच्या वर्षी सगळे म्हणतील, हात कसाही असो, वर्लीनच हवी."

मी अर्धी रिकामी होते. रिकाम्या भांड्यात आवाज घुमतो, म्हणून प्रत्येक शब्द माझ्यात जरा जास्त वेळ राहिला. मला वाटलं, आता ही मुलगी रडेल. किंवा उठून नवऱ्याला हाक मारेल, गाडी काढ म्हणेल.

"नऊ वेळा चाखलं मी ते," नायला म्हणाली. "मलाही वाटत होतं, जमणार नाही. एका बाबतीत तरी आपलं एकमत होतं."

वर्लीनला नाकातून हसू आलं. नायला हसली नाही.

"पण मला राग आलाय, मिस वर्लीन. फार आलाय. मी सकाळपासून त्या एका वाक्याची वाट बघत होते. ते तुम्ही माझ्यासमोरून उचललंत नि स्वतःच्या ताटलीत वाढून घेतलंत."

"हो," वर्लीन म्हणाली.

एवढंच. तिने कारण दिलं नाही, वय सांगितलं नाही, मनगट दाखवलं नाही. मग टेबलाला धरून उठली. "फ्रिजमधलं पातेलं काढ. माझ्या हाताने उचलत नाही."

झुरी तोवर झोपली होती. नायलाने तिला खुर्चीत ठेवलं, पातेलं उचललं, आणि दोघी बाहेर गेल्या. मला मोरीवरच विसरल्या, अर्धी भरलेली. जाळीच्या दारातून जेवढं दिसलं तेवढं सांगते.

नायलाने पातेलं टेबलावर ठेवलं. वर्लीनला आवाज चढवायची सवय नाही. तिने डाव घेऊन टबाच्या काठावर दोनदा वाजवला, आणि लोक गप्प झाले.

"पहिलं हिने केलं होतं," ती म्हणाली. "हेही हिनेच केलंय. मी खोटं बोलले."

शेगडीत चरबी ठिबकून चर्र झालं. नायला पातेल्याचे दोन्ही कान धरून उभी होती, सोडायची विसरली होती.

थॅडमामाने आपल्या ताटलीत बघितलं. "म्हणजे मी दोनदा घेतलं ते?"

"हिचं."

"मग तू सकाळपासून काय केलंस?"

"केस."

थॅडमामाने बहिणीचे केस नीट निरखले. "वेळ वाया नाही गेला," तो म्हणाला, आणि हशा पिकला. पण तो पूर्ण मोकळा हशा नव्हता, कारण सगळ्यांचं लक्ष रॉझलिनकडे होतं. ती हसली नव्हती. तिचा हक्क डावलून तो दुसऱ्या कोणाला दिला गेला, हे तिला या क्षणी, चाळीस माणसांसमोर कळत होतं. ती आईकडे बघत राहिली. इतका वेळ की वर्लीनने नजर खाली घेतली. मग रॉझलिन टेबलाला वळसा घालून नायलासमोर येऊन उभी राहिली.

"मीठ कमी आहे," रॉझलिन म्हणाली.

"हो का," नायला म्हणाली. तिचा आवाज मला मोरीपर्यंत जेमतेम आला.

रॉझलिनने ताटली पुढे केली. "वाढ."

नायलाने वाढलं. थोडं टेबलावर सांडलं, ते रॉझलिनने बोटाने उचलून तोंडात घातलं. तिच्यामागे थॅडमामा येऊन उभा राहिला, त्याच्यामागे आणखी कोणी. संध्याकाळी पातेलं खरवडलेलं परत आलं.

त्या दिवशी मला पुन्हा कोणी बाहेर नेलंच नाही. लोकांनी बर्फ वितळून झालेलं पाणी प्यायलं असेल, मला काय माहीत.

थंडीत, नोव्हेंबरच्या मोठ्या जेवणाआधी, वर्लीनने वाडगा जुन्या टॉवेलात गुंडाळून नायलाकडे पाठवून दिला. फळीवर त्याची जागा रिकामी झाली, गोल, धुळीने आखलेली. मला वाटलं होतं, मी सुखाने श्वास घेईन. पहिला आठवडा घेतलाही. मग मी तिकडे, नायलाच्या ओट्यावर, त्याला कोण धुतं, कोण पुसतं, झुरी त्याच्यात तोंड घालून हाका मारते की काय, याचाच विचार करायला लागले. म्हणजे तो गेला, पण माझं जळणं त्याच्याबरोबर गेलं नाही. ते इथेच राहिलं, आणि त्याला आता बघायलाही काही नाही.

आता चार जुलै नायला आणि डोरियनच्या घरी होतो, सम्टर गावात. अंगण मोठं आहे. बरगड्या अजून थॅडमामाच्याच, मॅकरोनी रॉझलिनची. वर्लीन फक्त चहा नेते. मनगट थंडीत दुखतं, पण बारा पुड्या नि दोन वाट्या साखर एवढं जमतं. गेल्या वर्षी तिने पहिल्यांदा माझ्याशेजारी, टेबलाच्या टोकाला, खुर्ची टाकली. लोक यायचे, पेला भरायचे, जायचे. ती प्रत्येकाचा चेहरा बघायची. घोट घेतल्यावर भुवया हलतात का, हे बघायची. एकाचीही हलली नाही.

परत येताना गाडीत ती माझं झाकण काढून पुन्हा लावत होती. मग म्हणाली, "चाळीस माणसं. चहाबद्दल एकाने तोंड उघडलं नाही."

"आई, चहा आहे तो," डोरियन म्हणाला.

"मग?"

ती घरापर्यंत धुसफुसत राहिली. मी रिकामी, तिच्या मांडीवर. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वतीने दुसरं कोणी जळत होतं. मला लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली. फार बरं वाटलं.

तुमच्या पंगतीतही असेल टोकाला कोणीतरी. माठ असेल, तांब्या असेल, ताकाचं भांडं असेल. घास उतरवायला उचलाल तेव्हा एकदा मान वळवून विचारा, हे कोणी केलंय. उत्तर ओळखीचं असलं तरी विचारा. विचारण्याला काही लागत नाही, आणि भांड्याशेजारी बसलेल्या माणसाला मात्र त्यावर वर्ष काढता येतं.

आता थांबते. वर्लीनने टोपी घातली, माझं झाकण तिसऱ्यांदा तपासलं. तिला वाटतं ते सैल आहे. नाही आहे, पण मलाही तसंच वाटतं. गाडीत पुढच्या सीटवर तिने मला मांडीवर घेतलंय आणि पट्टा दोघींवरून ओढून लावलाय. डोरियनने गाडी सुरू केली. 'हळू घे,' ती त्याला सांगतेय, 'माझा चहा आहे.'

निघते.